तेवीस मतांचा फरक

एल्क फोर्क, नेब्रास्का
११ फेब्रुवारी २०२४

रॉयस,

तुझा पत्ता पोस्टातल्या बाईंनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. तुझे काही कागद माझ्याकडे राहिलेत, असं मी त्यांना सांगितलं. कागद वगैरे काही नाहीत.

तू आणि नॅडीन गाव सोडून डुलुथला गेलात त्याला या आठवड्यात वर्ष झालं. वर्षभरात चारदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. भाऊ असलास तरी तू उचलणार नाहीस हे माहीत होतं, आणि उचललास तर काय बोलायचं हे माहीत नव्हतं. पत्राचं बरं असतं. समोरचा माणूस मध्येच उठून जात नाही.

इथं सगळं होतं तसंच आहे, म्हणजे थोडं आणखी ओसाड. तुझ्या ‘बीकन’च्या कचेरीत आता नखं रंगवायचं दुकान आहे. काचेवरची सोनेरी अक्षरं त्यांनी खरवडून काढली, पण ऊन तिरपं आलं की साप्ताहिकाचं नाव अजून वाचता येतं. माझी शाळा मात्र पाडली. मुलं अंधार असतानाच बसमध्ये चढतात आणि चाळीस मैलांवर जातात. बस माझ्या खिडकीखालून जाते. मी तेव्हा पडदा लावून घेते.

लिहायचं कारण वेगळं आहे. परवा मॅरिसोल इबारा घरी आली होती. माझ्या नागरिकशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची ती, मांसाच्या कारखान्यातल्या लुपेची मुलगी. आता ती काउंटी क्लार्क आहे, मतदान आणि मतमोजणी तिच्याकडे, म्हणजे तुझ्या बायकोच्या, नॅडीनच्या खुर्चीत. नॅडीननंतर एक जण पाच महिने टिकला, दुसरा तीन. मग कुणी अर्जच करेना, तेव्हा हिनं केला.

दारातच म्हणाली, “बाई, मे महिन्यातल्या मतदानाला केंद्रांवर बसायला माणसं नाहीत. बावीस लागतात, नऊ मिळालीत. बाकीचे म्हणतात, नको, उद्या आमच्या दारात कोण उभं राहील सांगता येत नाही.”

“अगं, मी एकाहत्तरची आहे,” मी म्हटलं.

“नऊ जणांत तुम्हीच सगळ्यात तरुण असाल,” ती म्हणाली. आणि मग, कोट न काढताच, “शिवाय लोक तुमचं ऐकतात, बाई.”

मी तिला हो म्हटलं. 

रॉयस, एक गोष्ट स्पष्ट लिहिते. तो फोटो मी टाकला नव्हता. ‘ब्रॅडिश काउंटीचा खरा आवाज’ हे फेसबुकवरचं पान कोण चालवतं, मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. शाळेच्या कराच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी नॅडीन गाडीतून दोन निळे टब काढून तुमच्या गॅरेजमध्ये नेतेय, एवढंच त्या फोटोत होतं. वर त्यांनी लिहिलं होतं, ‘मतपत्रिका कुठे चालल्या?’ त्याखाली मी लिहिलं, ‘मी एकतीस वर्षं या गावात नागरिकशास्त्र शिकवलं. प्रश्न विचारणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. नॅडीननं उत्तर द्यावं.’

बस. एवढंच. तू तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून विचारलंस, “इर्मा, हे तू लिहिलंस?” आणि मी म्हटलं, मी फक्त एक प्रश्न विचारला. अजूनही मी तेच म्हणते.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

इर्मा


१० मार्च २०२४

रॉयस,

उत्तर आलं नाही. हरकत नाही.

या आठवड्यात आमचं प्रशिक्षण झालं. काउंटीच्या कचेरीत तळमजल्यावर, एका लांब टेबलाभोवती. आम्ही चौदा जण होतो. मॅरिसोल कडक शिकवते. पेटीला सील कुठं लावायचं, सीलचा नंबर किती ठिकाणी लिहायचा, पेटी हलवताना दोन वेगवेगळ्या पक्षांची दोन माणसं बरोबर हवीतच. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “एवढी खबरदारी बँकेत पण नसते.” ती म्हणाली, “बँकेवर लोकांचा अजून विश्वास आहे.” सगळे हसले. मग कुणीच हसेना.

चहाच्या सुट्टीत तिनं मला आत बोलावलं. कपाटातून एक करडी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, “तुम्ही हे पाहिलं असेलच.”

मी पाहिलं नव्हतं.

तुला यातलं सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते त्या दिवशी कळलं. शाळेच्या कराचा प्रस्ताव पडल्यावर, म्हणजे पानावर फोटो आल्यानंतर, नॅडीननं स्वतः राज्याच्या निवडणूक खात्याला पत्र लिहून तपासणी मागितली होती. दोन माणसं आली. त्यांनी प्रत्येक मतपत्रिका हातानं मोजली. शाळा वाचवायच्या बाजूनं बाराशे सहा, विरुद्ध बाराशे एकोणतीस. फरक तेवीस. यंत्रानं जे सांगितलं होतं तेच, एका मताचाही फेर नाही. सगळ्या पेट्या जागच्या जागी, सगळी सीलं शाबूत. सात पानांचा अहवाल. शेवटच्या पानावर, ‘संबंधित अधिकाऱ्याच्या कामात कोणतीही त्रुटी आढळली नाही.’

अहवालाला एक कागद टाचलेला आहे. फाइल बघायला मागेल त्यानं त्यावर नाव आणि तारीख लिहायची. रॉयस, तो कागद कोरा आहे. जानेवारी २०२३ पासून ती फाइल तिथं आहे, मागेल त्याला बघता येते, आणि बाराशे लोक फोनवर ओरडत असताना एकानंही येऊन ती मागितली नाही.

कचेरी माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मी रोज तिच्यावरून दूध आणायला जाते.

मी दरवर्षी प्रश्नपत्रिकेत चार गुणांना विचारायचे: सरकारी कागद पाहण्याचा हक्क कोणाला आहे? उत्तर: प्रत्येक नागरिकाला. मॅरिसोलला चारपैकी चार असायचे.

‘बीकन’ असतं तर तू तो अहवाल पहिल्या पानावर छापला असतास. त्या कंपनीनं तुझं साप्ताहिक विकत घेऊन वर्षभरात बंद केलं तेव्हा गावात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, हे मला आठवतं. मृत्यूच्या बातम्यांत नावं चुकतात म्हणून लोक तुला शिव्या द्यायचे. मीही एकदा दिली होती. नावं चुकायची खरी. पण चूक झाली तर तुझ्या कचेरीत येऊन टेबलावर हात आपटता तरी यायचा. पुढच्या गुरुवारी दुरुस्ती यायची. या पानाला दारच नाही.

मी फाइलवर सही केली. पहिलं नाव माझं आहे. त्याची मला लाज वाटते.

इर्मा


२८ एप्रिल २०२४

रॉयस,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी फक्त प्रश्न विचारला. प्रश्न तेव्हा विचारतात जेव्हा उत्तर माहीत नसतं. मला उत्तर माहीत होतं.

ते टब माझे होते.

चर्चच्या विक्रीसाठी नॅडीननं सफरचंदाचा मुरंबा केला होता. बाटल्या ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून ऑक्टोबरात ती माझ्याकडून दोन टब घेऊन गेली. एकाचा कान तुटला होता. ऑर्व्हिलनं जायच्या आदल्या वर्षी तिथं हिरवी दोरी बांधून दिली होती. फोटोत ती दोरी दिसते. लहान दिसते, पण माझ्या नवऱ्यानं मारलेली गाठ मी ओळखणार नाही का? मी फोटो मोठा करून पाहिला. तीच होती.

आणि मग मी ते वाक्य लिहिलं.

का, ते तुला सांगायचा प्रयत्न करते. त्या सकाळी निकाल लागला होता. अठ्ठावन्न वर्षांची शाळा, तेवीस मतांनी गेली. मी या गावात घरोघर फिरले होते. प्रत्येक दारात कुणीतरी माझाच विद्यार्थी उभा होता. “हो बाई, नक्की बाई, शाळा म्हणजे काय बाई!” म्हणत होते. त्यातल्याच लोकांनी पडद्याआड जाऊन ‘नाही’वर खूण केली होती. वर्षाला दोन-तीनशे डॉलर कर वाढला असता, म्हणून. किंवा त्यांची मुलं मोठी झाली होती, म्हणून. किंवा मी त्यांना कधीतरी नापास केलं होतं, म्हणून. मला माहीत नाही.

हे मान्य करण्यापेक्षा नॅडीननं चोरी केली असं मानणं सोपं होतं. मी ते मानलंही नाही. मानल्यासारखं केलं. एक दिवस तरी इतरांनी मानावं, असं वाटलं. मला वाटलं, लोक जागे होतील, कुणीतरी फेरमोजणी मागेल, आणि मग कदाचित... नॅडीनचं काय होईल याचा मी विचार केला नाही असं लिहिणार होते. केला होता. मला वाटलं, ती खंबीर आहे, निभावून नेईल.

मग तुमच्या टपालपेटीत ती पत्रं आली. किराणा दुकानात त्या बाईनं तिच्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं. गॅरेजच्या दारावर लाल रंगानं ‘चोर’ लिहिलं गेलं. तुझा फोन आला तेव्हा मी काय म्हटलं, आठवतं? “लोकांच्या भावना समजून घे, रॉयस.” तेव्हाही तोंड उघडून ‘टब माझे आहेत’ म्हणायला दहा सेकंद लागली असती. नॅडीन सगळ्यांना सांगत होती, मुरंबा आहे, मुरंबा आहे. लोक हसत होते. तिनं माझं नाव घेतलं नाही. टब इर्माचे आहेत, तिला विचारा, असं ती एकदाही म्हणाली नाही. का म्हणाली नाही, हे मी रोज स्वतःला विचारते. बहुतेक तिला वाटलं असेल की मी आपणहून सांगेन.

तू हे वाचून कागद फाडलास तरी चालेल.

इर्मा


२२ मे २०२४

रॉयस,

इथं पुन्हा तेच झालं, म्हणून लिहिते.

चौदा तारखेला मतदान झालं. मी चर्चच्या हॉलमध्ये तेरा तास बसले. दुपारी चिलीची गरम आमटी आणि दालचिनीचे रोल होते, शाळेतल्यासारखे. एकूण दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर फोटो: मॅरिसोल कचेरीच्या मागच्या दारानं मोठी खाकी पिशवी आत नेतेय. ‘पिशवीत काय आहे?’ पिशवीत आमची रात्रीची सँडविचेस होती, रॉयस. मी स्वतः त्यातलं एक खाल्लं.

दोन दिवसांत तिला शंभरच्या वर फोन. एकानं तिच्या आईच्या कामाची वेळ सांगितली आणि फोन ठेवला. लुपे माझ्याकडे आली. तिचं आणि माझं कधी फार बोलणं झालं नव्हतं. ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, “बाई, तुम्ही तिच्या डोक्यात भरवलंत, देश आपला आहे, काम करायचं, पुढं यायचं. आता तुम्हीच सांगा तिला, सोड म्हणून. माझं ऐकत नाही.”

मी पानावर लिहिलं की सँडविचेस होती, मी पाहिलीत. तासाभरात माझं लिहिणं तिथून गायब झालं आणि नवीन ओळ आली: ‘इर्मा डॉर्नलाही विकत घेतलं.’ लग्नानंतरही मी ठेवलेलं आपलं आडनाव त्यांनी आठवणीनं लिहिलं, कितीला घेतलं तेवढं लिहिलं नाही.

मग सोमवारी काउंटी मंडळाची बैठक होती. कुणीही नागरिक उठून तीन मिनिटं बोलू शकतो. मी वर्गाला दरवर्षी ती बैठक बघायला न्यायचे, पण स्वतः त्या माइकसमोर कधी उभी राहिले नव्हते. साधारण साठ माणसं आली होती, बहुतेक मॅरिसोलचा राजीनामा मागायला. ती कोपऱ्यात फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

मी कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचलंच नाही. म्हटलं, “पिशवीबद्दल नंतर बोलू. आधी टबांबद्दल सांगते. नोव्हेंबर २०२२ मध्ये माझ्या भावजयीच्या, नॅडीन डॉर्नच्या हातात जे टब होते ते माझे होते. त्यात मुरंब्याच्या बाटल्या होत्या. फोटो बघितल्या क्षणी मला ते कळलं होतं. तरी मी लिहिलं की तिनं उत्तर द्यावं. मी खोटं बोलले. तुम्हाला शिकवणारी बाई तुमच्याशी खोटं बोलली.”

कुणीतरी मागून ओरडलं, “आता सांगतेस?”

“हो,” मी म्हटलं. “आता सांगतेय. तेव्हा सांगायला हवं होतं.”

मग अहवालाचं सांगितलं. तेवीसचा आकडा हातानं मोजलेला आहे, फाइल वर आहे, पन्नास पावलांवर, सही करा आणि बघा. अध्यक्ष म्हणाले, तीन मिनिटं झाली. मी खाली बसले. टाळ्या वगैरे काही नाहीत. माझ्या शेजारची बाई उठून दुसऱ्या खुर्चीवर गेली. चाळीस वर्षं आम्ही चर्चमध्ये एका बाकावर बसतो.

बाहेर पायऱ्यांवर कर्ट बेहरेंट्स थांबला होता. माझ्या १९९८ च्या वर्गातला. ट्रॅक्टर दुरुस्त करतो तो. टोपी हातात धरून उभा होता.

“बाई, ते दार मी रंगवलं होतं,” तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही कुठलं दार.

“गॅरेजचं. मी एकटाच होतो. त्या पानावर तर रोज काहीतरी यायचं, मी मनावर घेत नव्हतो. पण खाली तुमचं नाव दिसलं. मी म्हटलं, बाई उगाच नाही लिहिणार. वर्गात आम्ही काही ऐकीव बोललो की तुम्ही विचारायच्या ना, कुठं वाचलंस? कुणी सांगितलं? त्याला कसं माहीत?” त्याचा आवाज चढला होता, मग एकदम उतरला. “म्हणजे तुम्ही ते विचारलं असेलच, असं मी धरून चाललो.”

 एकतीस वर्षांत एवढं नीट शिकलेला विद्यार्थी मला क्वचित मिळाला असेल. त्यानं सगळं बरोबर केलं होतं. फक्त शेवटची पायरी माझ्यावर सोपवली होती.

इर्मा


१६ जून २०२४

रॉयस,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ आहे. ‘माझ्यावर अन्याय झाला नाही, इर्मा. ज्या बाईवर झाला तिला लिही.’

खरं आहे तुझं. तुला लिहिणं सोपं होतं. तू भाऊ आहेस, रागावशील, पण तुटणार नाहीस, असं मी गृहीत धरलं होतं. चार पत्रं लिहिली आणि चारही चुकीच्या माणसाला.

तिला लिहिते.

इर्मा


४ ऑगस्ट २०२४

नॅडीन,

हे पत्र तू उघडणार नाहीस असं धरून लिहितेय.

रॉयसनं माझी पत्रं तुला दाखवली असतील तर काय झालं ते तुला माहीत आहे. दाखवली नसतील तर थोडक्यात: टब माझे आहेत हे मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं, आणि मी गप्प राहिले. गावासमोर हे मी मे महिन्यात सांगितलं. त्यानंतर शपथेवर लिहून, सही करून, ते मॅरिसोलकडे दिलं. तुझ्या अहवालाच्या फाइलमध्ये आता ते लावलं आहे. कोणी ती उघडेल त्याला माझी कबुली आधी वाचावी लागेल.

माफी मागत नाही. मागितली की तू काहीतरी उत्तर द्यायला हवं असं होतं, आणि तू कुणालाही काही देणं लागत नाहीस.

तुला कदाचित एवढं जाणून घ्यायचं असेल की मॅरिसोलनं राजीनामा दिला नाही. फोन कमी झालेत, बंद नाहीत. लुपेला आता कारखान्यातून घरी सोडायला केंद्रावर काम करणाऱ्या आम्ही तिघी आळीपाळीनं जातो. ती गाडीत माझ्याशी फार बोलत नाही. मागच्या आठवड्यात म्हणाली, “तुमचं गाडी चालवणं भयंकर आहे.” तेवढीच प्रगती.

तुमच्या गॅरेजच्या दारावर ‘चोर’ लिहिणारा कर्ट बेहरेंट्स होता; त्यानंच मला सांगितलं आहे की त्याचं नाव तुला कळवावं. तो शेरीफकडे स्वतः जाऊन आला. शेरीफ म्हणाला, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय करू. कर्टला ते आवडलं नाही. तुला लिहू का असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तिनं हो म्हटल्याशिवाय नको.

तू बावीस वर्षं या काउंटीची मतं मोजलीस. मी त्याच काळात मुलांना सांगत होते की मतमोजणी ही पवित्र गोष्ट आहे. तू ती कशी करतेस हे बघायला मी एकदाही आले नाही. लोक आता म्हणतात की सगळं सडलंय, वर वॉशिंग्टनमध्ये कुणाचाच भरवसा नाही. मीही पूर्वी मान डोलवायचे. इथं एल्क फोर्कमध्ये काय कुजलं, त्यातलं थोडं मी माझ्या हातानं टाकलं होतं. वॉशिंग्टनला त्यासाठी यावं लागलं नाही.

इर्मा


२९ ऑक्टोबर २०२४

नॅडीन,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. तुझा आवाज ऐकल्यावर सुरी कुठं ठेवली ते आठवत नाही. अजून सापडलेली नाही.

तू चार मिनिटं बोललीस. तू म्हणालीस, “मी तुला माफ केलेलं नाही. पुढं करीन की नाही तेही माहीत नाही. एल्क फोर्कला मी परत येणार नाही. यावर बोलायचं नाहीये मला.” मी बरं म्हटलं.  मला वाटलं, आता फोन ठेवशील. आणि मग तू एकदम कामाच्या आवाजात म्हणालीस, “त्या पोरीला कुणी सांगितलंय का, मतपत्रिका तळघरात ठेवू नकोस म्हणून? ऑक्टोबरच्या शेवटी तिथं ओल येते. कागद फुगतो, यंत्रात अडकतो, लोक रांगेत उभे राहतात आणि मग म्हणतात यंत्रात गडबड केली. आठवडाभर आधी वर आणून कोरड्या खोलीत ठेवायच्या. मला हे समजायला दोन निवडणुका लागल्या.”

आणि फोन ठेवलास.

तुझा निरोप मी पोचवला. कसा पोचवला ते सांगायला हे पत्र.

काल सकाळी कचेरीत यंत्राची चाचणी होती. कुणालाही येऊन बघता येते. मागच्या खेपेला एक माणूस आला होता, तोही चुकून, गाडीचा परवाना काढायला. काल एकोणीस आले. काही जण हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे होते, आम्हाला पकडायलाच आल्यासारखे. मॅरिसोलनं त्यांनाही खुर्च्या दिल्या. चाचणीच्या मतपत्रिका एकेक करून यंत्रात घातल्या, मग त्याच हातानं मोजल्या. आकडे जुळले. एक जण म्हणाला, “पुन्हा करा.” तिनं पुन्हा केलं. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. पण तो शेवटपर्यंत थांबला.

कर्टही होता. तो आता केंद्रावर काम करणार आहे, प्रशिक्षण पूर्ण केलंय त्यानं.

लोक पांगायला लागल्यावर मी मॅरिसोलला म्हटलं, “खऱ्या मतपत्रिका कुठं आहेत?”

“तळघरात. कुलपात.”

“त्या आजच वर आण. खाली ओल येते, कागद फुगतो, यंत्रात अडकतो.”

तिनं वहीत लिहून घेतलं. “हे तर कुठल्याच पुस्तकात नाही. कुणी सांगितलं, बाई?”

खोलीत अजून दहा-बारा जण होते. मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून काढायचे तो आवाज काढला, आणि तुझं पूर्ण नाव घेतलं. “नॅडीन डॉर्ननं. बावीस वर्षं तिनं हे काम केलं. तिनं काल मुद्दाम डुलुथहून फोन करून सांगितलं.”

 भिंतीला टेकलेला एक जण जमिनीकडे बघायला लागला. मॅरिसोलनं वहीत तुझं नाव लिहिलं, मी पाहिलं.

कर्ट उठला. टोपी खुर्चीवर ठेवली, बाह्या वर केल्या. म्हणाला, “किती पेट्या आहेत?”

“आठ,” मॅरिसोल म्हणाली. “पण एकट्याला जाता येणार नाही. दुसऱ्या पक्षाचं माणूस बरोबर लागेल.”

मी त्याच्याबरोबर गेले. जिना उतरताना त्यानं माझा कोपर धरला होता. पेट्या त्यानंच उचलल्या, माझ्यानं होण्यासारखं ते नव्हतं. मी पुढं होऊन दारं उघडली, दिवे लावले, प्रत्येक सीलचा नंबर मोठ्यानं वाचला आणि लिहून घेतला. आठ फेऱ्या झाल्या. आता त्या वर आहेत, खिडकीजवळच्या खोलीत, जमिनीपासून उंच फळीवर. तिथं कोरडं आहे.

इर्मा